पाहुण्यांच्या गॅलरीतली आपली माणसं

सोमवार, ४ मार्च

प्रति,
तिकीट खिडकी, पुलापलीकडचा क्लब.
विषय : रविवार, २४ मार्चच्या सामन्याची पाहुण्या गॅलरीची तिकिटं.

महोदय,
सोबत तिकिटांचा गठ्ठा पाठवत आहे. मोजून घ्यावा व पोच द्यावी.

झालं, महोदय वगैरे झालं. दादा, मी आहे. अक्षर ओळखलं असशीलच, अजूनही तसंच कोंबडीचे पाय आहेत. तुझा फोन लागत नाही, लागला तर तू उचलत नाहीस. तुमच्या क्लबचा ईमेल तुमचा सेक्रेटरी उघडतो आणि आधी गावाला वाचून दाखवतो. तिकिटांचा गठ्ठा मात्र नियमाप्रमाणे खिडकीवरच्या माणसाच्याच हातात द्यावा लागतो, आणि आमचा टेम्पोवाला म्हणाला की आठवडाभर खिडकीवर तूच असतोस. सकाळी गोलकीपरांना शिकवायचं आणि दुपारी तिकिटं विकायची. म्हणजे आपण दोघंही एकच काम करतो, नदीच्या दोन काठांवर. हे ऐकून मी आधी हसले आणि मग माझं मलाच कसंतरी झालं.

अकरा वर्षांनी लिहितेय ते गळा काढायला नाही. कालपासून डोकं सुन्न आहे आणि ज्याला सांगावं असं दुसरं कोणी नाही.

काल नव्या नियमातला पहिला सामना झाला. गेल्या वर्षी तुमच्या आणि आमच्या लोकांनी एकमेकांच्या अंगावर बाकं फेकली, त्याचं बक्षीस म्हणून लीगनं ठरवलंय की सामन्याच्या दिवशी एकही तिकीट विकायचं नाही. जे काय ते आगाऊ, नाव-पत्ता देऊन. यजमानांची तिकिटं यजमानांच्या खिडकीवर, आधीच्या बुधवारी संध्याकाळपर्यंत. पाहुण्यांची तिकिटं पाहुण्यांच्या गावात, त्यांच्या खिडकीवर, शनिवार दुपारपर्यंत. मी महिनाभर आधी गेटवर बोर्ड लावला होता, लाल अक्षरात, आंधळ्यालाही दिसेल असा.

आणि काल काय व्हावं? सगळं गाव नेहमीसारखं जेवूनखाऊन, डुलत डुलत गेटवर हजर. हातात सुट्टे पैसे. खिडकी बंद बघून हसायला लागले. त्यांना वाटलं मला उशीर झालाय. मी आतून ओरडून सांगितलं की तिकिटं बुधवारीच संपली, म्हणजे संपली नाहीत, विक्री संपली. कोणाला काही कळेना. मला कोणी शिवी दिली असती तरी चाललं असतं. ते नुसते बघत राहिले माझ्याकडे, घरच्यांनीच दार लावून घेतल्यासारखे.

मग सगळे भिंतीला पाठ लावून बाहेर उभे राहिले. आत शुकशुकाट. आवाज करणारे सगळे भिंतीपलीकडे. आपल्या पोरांनी गोल केला, तो आतल्या चार टाळक्यांचा गलका ऐकून बाहेरच्यांना कळला, आणि टाळ्या बाहेरून आल्या. पोरं खेळायचं सोडून भिंतीकडे बघत राहिली. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

सामना संपल्यावर लीगच्या निरीक्षकांनी माझ्या टेबलावर कागद ठेवला. शेवटच्या सामन्याला, म्हणजे तुमच्याविरुद्धच्या, मैदानात हजार डोकी दिसली नाहीत तर पुढच्या सीझनपासून आपलं मैदान बाद. विकलेली तिकिटं नाही, फाटकातून आत आलेली डोकी. मैदान बाद झालं की क्लबनं ते नगरपालिकेला परत करायचं आणि सामने तुमच्या मैदानावर खेळायचे. मैदान गेलं की गोलमागची क्वार्टर गेली, आणि क्वार्टरमध्ये कोण राहतं हे तुला सांगायला नको.

बाबांना मी माझ्याकडे आणीन, तो प्रश्न नाही. पण सकाळी उठून ते पाणी कशाला घालणार? माझ्या बाल्कनीतल्या चार कुंड्यांना? क्लबच्या माळीकामातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ते रोज पहाटे पाइप घेऊन गवतावर असतात. क्लब त्यांना क्वार्टर देतो आणि ते क्लबला गवत देतात, असा हिशेब आहे. ते गेलं तर हा माणूस महिन्याभरात आडवा होईल. मी वाढवून सांगत नाहीये.

म्हणून काम आहे. आमच्या गॅलरीत मी जीव तोडून सहाशेपर्यंत नेईन. पाहुण्यांच्या गॅलरीत साडेचारशे बसतात. ती तुला भरायची आहे. तू आमच्यासाठी करू नकोस. तू पलीकडच्या क्लबात गेलास तेव्हा बाबा जे बोलले, की पुलापलीकडच्या माणसाचा पाय माझ्या गवताला लागता कामा नये, ते मी विसरले नाही आणि तूही नसशील. गवतासाठी कर. त्या गोलमध्ये तू सात सीझन उड्या मारल्यास.

तुझी,
धाकटी


सोमवार, ११ मार्च

विषय : वरीलप्रमाणे.

दादा,
तुझी पोच मिळाली. “तिकिटं मिळाली. इथे बहिष्कार ठरला आहे. बघतो.” अकरा वर्षांनी तीन वाक्यं. शब्द विकत मिळतात का तुमच्याकडे?

बहिष्काराचं वाचून मी टेम्पोवाल्याला गाठलं. त्यानं सगळं सांगितलं. तुमच्या लोकांना नाव-पत्ता द्यायचा नाही, आम्ही काय चोर आहोत का म्हणतात. बरोबर आहे त्यांचं. पण त्यांच्या स्वाभिमानापायी आमचं मैदान जाणार, आणि मैदान गेल्यावर आम्ही येणार कुठे? तुमच्याच मैदानावर. दर रविवारी. त्यांना सांग हे एकदा.

आमच्याकडची गंमत ऐक, म्हणजे रडशील. मी टेबल-खुर्ची घेऊन चौकात बसले. सलूनवाला तुला आठवत असेल, तुझे केस कापताना सामन्याची चर्चा करून कान कापणारा. त्याला म्हटलं, चोवीस तारखेचं तिकीट घ्या. तो म्हणाला, “चोवीस तारखेचं आज कसं सांगू? त्या दिवशी उठल्यावर बघतो.” मी म्हटलं, तीस वर्षांत एक सामना चुकवलाय का तुम्ही? तर म्हणे, “नाही ना. पण आधी ठरवून कधी गेलोय का?” आणि हे तो अगदी शांतपणे सांगतो, जणू वेडी मीच आहे. औषधाच्या दुकानवाल्यानं सांगितलं की आगाऊ पैसे टाकले की आपला संघ हरतो. शिवणकामवाली म्हणाली की जायचं की नाही हे तिचा नवरा जेवताना किती बोलतो त्यावर ठरतं. मी तोंडात बोट घालून बसले. या गावात मी जन्मले, वाढले, इथल्या एकेका माणसाला ओळखते असं समजत होते. यांच्यातल्या कोणी आयुष्यात कधी उद्याचं ठरवलेलंच नाही, हे मला आत्ता कळतंय.

मोठा धक्का घरचा. बाबांचं नाव लीगच्या कर्मचारी यादीत नाही, निवृत्त आहेत ना. म्हणजे त्यांनाही तिकीट लागणार. मी तिकीट लिहूनच नेलं होतं, फक्त सही करा म्हटलं. त्यांनी चष्मा लावला, कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, “माझ्या गवताकडे बघायला मी लोकांना पत्ता देऊ? माझा पत्ता म्हणजेच ते गवत आहे.” आणि कागद परत केला. बरं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून सामना दिसतो, तर निरीक्षकांनी पत्र पाठवलंय की सामन्याच्या वेळी ती खिडकी बंद असावी, नाहीतर विनातिकीट प्रेक्षक धरला जाईल. मी ते पत्र बाबांना दाखवलं नाही.

तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात नियम आहेत. ते लीगनं पाठवले आणि मी तसेच छापखान्यात दिले. तुझ्या कामाचा एक आहे म्हणून लिहिते. पाहुण्यांचं तिकीट घेणारा तुमच्या गावचा नसेल, तर तुमच्या गावचा एक हमीदार लागेल. त्याचं नाव खिडकीवर लिहून घ्यायचं. आता तुमच्याच गावचे लोक घेत नाहीत म्हटल्यावर बाहेरचं कोण येणार आहे, पण नियम म्हणून सांगितला.

बाबा बरे आहेत. गुडघा दुखतो, ते सांगत नाहीत, मला चालीवरून कळतं. तुझ्याकडच्या गोलासमोर, म्हणजे तू जिथे उभा राहायचास तिथे, नवीन बी पेरलंय त्यांनी. तुझं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही.

धाकटी


शुक्रवार, २२ मार्च

दादा,
आज विषय वगैरे काही नाही. टेम्पोवाला निरीक्षकांचं परिपत्रक घेऊन तुमच्याकडे निघालाय, त्याच्या पाकिटात हे कोंबतेय.

बुधवारी संध्याकाळी विक्री बंद झाली. सहाशेच्या आतच अडकलो. मी शेवटच्या तासाला शटर अर्धं उघडं ठेवून रस्त्याकडे बघत होते. कोणी फिरकलं नाही. मग शटर ओढलं आणि वही निरीक्षकांकडे पाठवली.

आणि काल सकाळी उठून बघते तर खिडकीसमोर रांग! सलूनवाला सर्वांत पुढे. “द्या आता,” म्हणाला. मी म्हटलं, काय द्या? बुधवार संपला. तो म्हणाला, “हो, तुम्ही बुधवार बुधवार म्हणत होतात म्हणून तर गुरुवारी आलो, तुमची गर्दी ओसरल्यावर.” दादा, या माणसांना मी दोन आठवडे चौकात बसून काय सांगितलं? त्यांना वाटलं, बुधवार म्हणजे माझी कामाची गडबड, ती सरली की निवांत यावं. मला त्रास नको म्हणून आले नाहीत. कोणावर चिडू? त्यांनी माझी काळजी घेतली आणि मैदान घालवलं.

मी निरीक्षकांना फोन केला. म्हटलं, एक दिवसाची सूट द्या, चारशे माणसं रस्त्यावर उभी आहेत. ते म्हणाले, “बाई, नियम तुमच्यासाठी बनवला नाही आणि तुमच्यासाठी मोडणारही नाही.”

बाबांना काल संध्याकाळी सांगितलं सगळं. हजार डोकी, मैदान, क्वार्टर, सगळं. लपवून काही राहिलं नव्हतं. मला वाटलं भडकतील. त्यांनी फक्त विचारलं, “पलीकडची विक्री चालू आहे ना अजून?” मी म्हटलं, आहे, उद्या दुपारपर्यंत नाही, परवा दुपारपर्यंत, पण तिकडे कुत्रं विचारत नाही त्या तिकिटांना. मग त्यांनी माझ्याकडून पाहुण्यांचं एक नमुना तिकीट मागून घेतलं, कशाला ते सांगितलं नाही. आणि आज सकाळी गवताला पाणी घालून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले. कुठे म्हटलं तर “पाय मोकळे करून येतो.” इस्त्रीच्या शर्टात पाय मोकळे करणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. मैदान जाणार या विचारानं डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना, अशी भीती वाटतेय मला.

दादा, तू काही करणार असशील तर आता कर. मला या घडीला तुझ्याशिवाय कोणी दिसत नाही, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये.

धाकटी


सोमवार, २५ मार्च

दादा,
तू माणूस आहेस की कोण आहेस? एक ओळ लिहून पाठवायला तुला काय झालं होतं?

तू सामन्याला येणार नाहीस हे माहीत होतं. अकरा वर्षांत तुमचा संघ इथे आला की दुसराच कोणीतरी गोलकीपरांबरोबर येतो. त्यामुळे तुला सगळं सांगावं लागणार. नीट बसून वाच, मी अजून नीट बसलेली नाही.

काल दुपारी मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होते. आपल्या गॅलरीत विकलेली तिकिटं जवळजवळ सगळी आली. तरी ती सहाशेच्या आत. पाहुण्यांचं गेट नदीच्या बाजूला, तिथे लीगची माणसं, मला दिसत नाही. मी त्या बाजूला बघायचंच नाही असं ठरवलं होतं. मग गॅलरीच्या पायऱ्यांवर माणसं चढताना दिसायला लागली. एक रांग, दुसरी रांग, येतच राहिली. मला वाटलं, तुमचं गाव आलं. बहिष्कार मोडून आलं. मी टेबलावर डोकं टेकून चक्क रडले. तुमच्या गावाला मी आजवर जे जे बोलले ते सगळं मनातल्या मनात परत घेतलं.

डोळे पुसून परत बघते तर पहिल्या रांगेत सलूनवाला.

त्याच्या शेजारी शिवणकामवाली, नवऱ्यासकट. औषधाचं दुकान, तीन भाऊ. आपल्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर, गळ्यात तुमच्या क्लबचा पट्ट्यापट्ट्यांचा रुमाल. रुमाल! गुरुवारी माझ्या बंद खिडकीसमोर उभं होतं ते सगळं गाव पाहुण्यांच्या गॅलरीत बसलेलं. माझे डोळे पांढरे झाले. मी ऑफिसातून धावत सुटले ती थेट मधल्या जाळीपर्यंत गेले. जाळीतून सलूनवाल्याला म्हटलं, हे काय? तो ओठ न हलवता म्हणाला, “जा इथून. आम्ही पलीकडचे आहोत.”

आणि मग शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून, बाबा. इस्त्रीचा शर्ट. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी कोण हे त्यांना ठाऊकच नाही.

मला सगळं हाफटाइमला कळलं, सलूनवाल्याच्या बायकोकडून, बायकांच्या संडासाबाहेर. गुरुवारी संध्याकाळी पुलावर म्हणे कागद चिकटवलेला होता. ‘पाहुण्या गॅलरीची तिकिटं शनिवार दुपारपर्यंत मिळतील. येताना ओळखीचं नाव आणा.’ कोणाचं अक्षर ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. आणि हमीदार कोणाला कमी पडतात? इकडच्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी तिकडे आहेच. कोणाची बहीण, कोणाचा जावई, कोणाचा दातांचा डॉक्टर. दोन गावं एकमेकांना पाण्यात पाहतात आणि दोघांमध्ये एक घर असं नाही ज्याचं दुसरीकडे माणूस नाही. मी सगळ्या आयुष्यात हा विचार केला नव्हता.

ती पुढे जे म्हणाली ते ऐक. शुक्रवारी ती रांगेत बाबांच्या मागे होती. म्हणजे मी इथे बसून तुला लिहीत होते की बाबांच्या डोक्यावर परिणाम झालाय का, तेव्हा ते तुझ्या खिडकीसमोर उभे होते. ती सांगते, त्यांची पाळी आली तेव्हा तू मान खाली घालून लिहीत होतास. म्हणालास, “नाव?” त्यांनी सांगितलं. तुझा हात थांबला. तू वर बघितलं नाहीस. मग म्हणालास, “हमीदार?” बाबा म्हणाले, “मुलगा.” तू काही न विचारता पुढचं नाव लिहिलंस, तुझं स्वतःचं. तिकीट फाडून दिलंस. ते म्हणाले, “गुडघ्यामुळे पायऱ्या जमत नाहीत, पण वरचीच रांग दे.” तू म्हणालास, “वरचीच आहे.” एवढंच. हे खरं आहे का? मला तुझ्याकडून हवंय. अकरा वर्षांनंतर तुम्ही दोघं गुडघ्याबद्दल आणि रांगेबद्दल बोललात?

आता सामन्याचं. लीगचा आणखी एक नियम आहे की पाहुण्यांच्या गॅलरीत यजमानांचा माणूस सापडला तर बाहेर. निरीक्षक गॅलरीसमोरच खुर्ची टाकून बसलेले. बाबांनी येताना पुलावर सगळ्यांना गोळा करून बजावलं होतं. आपला गोल झाला तर हात मांडीखाली. त्यांचा झाला तर टाळ्या. तोंडातून ब्र काढायचा नाही.

आपला गोल झाला, दादा. असा सुरेख गोल, डाव्या कोपऱ्यातून. आपली गॅलरी नाचायला लागली आणि समोर चारशे माणसं दातखीळ बसल्यासारखी. हेडमास्तरांचे डोळे भरून आले होते आणि चेहरा दगड. मग तुमचा गोल झाला, आणि ते सगळे उठून उभे राहिले. शिवणकामवाली शिट्टी वाजवते हे मला माहीत नव्हतं. गोल खाल्लेला आपला गोलकीपर मान वर करून बघतो तर त्याची स्वतःची आई टाळ्या वाजवतेय. पोराचा चेहरा मी विसरणार नाही. पुढची पाच मिनिटं त्याला बॉल दिसत नव्हता, नुसता गॅलरीकडे बघत होता.

दुसऱ्या हाफमध्ये लाउडस्पीकरवर मोजणी वाचली. एक हजार सात. निरीक्षकांनी माझ्यासमोर सही केली, मी दोनदा बघितली. मैदान राहिलं. मी अध्यक्षांच्या गळ्यात पडले, ज्यांच्याशी मी एरवी बोलत नाही.

आणि नेमकं तेव्हा शेवटच्या रांगेतून आवाज आला. “आपल्या पोरांनो! डावीकडून! पुन्हा डावीकडून!”

बाबा उभे होते. खांबाला धरून, पूर्ण उंचीनं. शेजारचे त्यांचा शर्ट ओढत होते, सलूनवाला पुढून हातानं बस बस करत होता. ते थांबेचनात. मी हा आवाज लहानपणी ऐकला होता, तू गोलमध्ये असायचास तेव्हाचा. निरीक्षक उठले. दोन माणसांनी बाबांना दोन बाजूंनी धरलं. ते अगदी मजेत चालत बाहेर गेले, हात मागे बांधून, बाजारात निघाल्यासारखे. ज्या माणसानं चारशे जणांना गप्प बसवलं त्याच्याच्यानं वीस मिनिटं गप्प बसवेना? मला लाज वाटली आणि भयंकर रागही आला. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्यालाच त्याच्या मैदानातून धरून बाहेर काढलं.

सामना बरोबरीत सुटला. तुमच्या गोलकीपरनं शेवटी एक पेनल्टी अडवली, उजवीकडे लांब झेप घेऊन. त्याला कोणी शिकवलं हे विचारत नाही.

धाकटी


गुरुवार, २८ मार्च

दादा,
परवा निरीक्षकांचा हुकूम आला. त्याची नक्कल सोबत आहे, पण तू वाचायच्या आधी मीच सांगते, कारण मला अजून विश्वास बसत नाही.

मोजणी कायम. मैदान कायम. बाबांच्या नावावर मात्र बंदी. पाहुण्यांच्या गॅलरीत यजमानांचा पुकारा केल्याबद्दल, तिकिटामागच्या नवव्या नियमानुसार. मी तो नियम काल पहिल्यांदा वाचला. गैरवर्तन करणाऱ्यानं मैदानात पाऊल ठेवायचं नाही, जोपर्यंत त्याचा हमीदार स्वतः यजमान क्लबच्या ऑफिसात येऊन, त्याच्याशेजारी उभा राहून सही करत नाही. स्वतः. पोस्टानं नाही, फोनवर नाही, टेम्पोवाल्याकडून नाही. त्या सहीपुरतं तेवढं बाबांना ऑफिसात येऊ देतात.

क्वार्टरला मागच्या गल्लीत दार आहे म्हणून बरं, नाहीतर त्यांना घरातही राहता आलं नसतं. पुढचं दार मैदानात उघडतं, त्याला मी स्वतः कुलूप लावलं. त्यांनी स्टुलावर बसून मला ते लावताना बघितलं. तीन दिवस झाले, ते गवतावर गेलेले नाहीत. मी ऑफिस उघडायच्या आधी पाइप धरते आणि ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून सूचना देतात. तिकडे जास्त झालं, इकडे कोरडं राहिलं, बियांवर धार नको, शिंपड नुसतं. बोलताना आवाज नेहमीसारखा करडा, पण हात खिडकीच्या गजांवर. मला बघवत नाही.

काल न राहवून मी विचारलं. म्हटलं, बाबा, तुम्हीच सगळ्यांना हात मांडीखाली ठेवायला सांगितलं. मोजणी होईपर्यंत तुम्ही स्वतः हूं की चूं केलं नाहीत. मैदान वाचलं हे ऐकलंत आणि मगच उठलात. आणखी वीस मिनिटं काढली असती तर कोणाला कळलं नसतं, आज तुम्ही गवतावर असता. असं का केलंत?

ते शेंगा सोलत होते. सोलता सोलताच म्हणाले,

“तू ते नियम छापलेस. मी वाचले.”

दादा, मी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि हुकमातला नववा नियम काढून पुन्हा वाचला. मग त्यांनी शेंगांवरची नजर न काढता विचारलं, “त्याला वेळ कुठली दिलीस?”

ऑफिस रोज सकाळी अकरा ते दोन उघडं असतं. येताना ओळखपत्र आण, त्याशिवाय मी सही घेणार नाही. आणि गेटवरून ऑफिसात यायला गवतावरूनच यावं लागतं. मी त्यांना विचारलंय. ते म्हणाले, येऊ दे.

तुझी,
धाकटी